वडिलांची डॉज पॉवर वॅगन (जुना अमेरिकन फोर-व्हील ट्रक) गोठ्यामागं गंजत उभी आहे, इंजिन जाम आहे. रंगवून विकावी की आहे तशी?

आहे तशीच विका. ताजा रंग दिसला की जाणकार गिऱ्हाईक आधी खालची लांबी (पुट्टी) ठोकून बघतं आणि भाव पाडतं.

खर्च करायचाच तर इंजिन मोकळं करण्यावर करा. सहाही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) आणि डिझेल ओता, आठवडाभर मुरू द्या, मग हँडलनं हळू हलवा. स्टार्टर मारू नका, पिस्टनच्या चिकटलेल्या रिंगा तुटतात.

चासी नंबर रॉकेलच्या फडक्यानं पुसून त्यावर कागद ठेवा आणि पेन्सिलनं छाप घ्या. तिथं ग्राइंडर अजिबात नको. आकडा पुसला तर राहतं ते भंगार.

ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी), विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र), पुढचे हब असं सुटं पडलेलं सगळं गोळा करा. बुश, पिना कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर होतील, विंच नाही होणार.

आरसीवर गाडीचा वर्ग बघा. ५० वर्षांवरच्या गाड्यांची ‘व्हीए’ (विंटेज) नोंदणी दुचाकी आणि प्रवासी चारचाकीला आहे, मालवाहूला नाही. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. नावावर करायला फॉर्म २९, ३० लागतील. गिऱ्हाईक कर्नाटकातलं असेल तर फॉर्म २८ची एनओसीही.