सोलापूरच्या जुन्या कापड गिरण्यांचा पुनर्वापर परदेशातील नदीकाठच्या गिरण्यांसारखा होऊ शकेल का?

सोलापुरात मोठी नदी नसताना गिरण्या कशा उभ्या राहिल्या, आणि परदेशातील नदीकाठच्या जुन्या गिरण्यांप्रमाणे त्यांचे जतन का होत नाही, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देते. स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या काठी न्यू लॅनार्कची गिरणी 1786 मध्ये सुरू झाली, तेव्हा यंत्रे पाण्याच्या जोरावर फिरत होती, त्यामुळे नदी सोडून चालणारच नव्हते. आपल्या सोलापुरातील ‘जुनी मिल’ या नावाची गिरणी 1877 मध्ये सुरू झाली तोपर्यंत वाफेचे युग आले होते. कोळसा आणायला आणि माल न्यायला 1860 पासून रेल्वे होती, हातमागावर बसणारी विणकर कुटुंबे शहरात होती, आणि नेमक्या त्याच सुमारास दुष्काळाने खेड्यांतील माणसांना कामासाठी घराबाहेर काढले होते.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण त्यावरून आमच्या घरात वीस वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. माझे वडील, म्हणजे आप्पा, येथील एका गिरणीत माग खात्यात जॉबर, म्हणजे विणकरांवरचे मुकादम, होते. गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले, आणि त्यानंतर एका रविवारी आप्पा, दादा आणि मी आत गेलो. दारावरचा पहारेकरी आप्पांच्याच पाळीत काम केलेला होता, म्हणून त्याने सोडले. शेड रिकामी होती. आप्पा खांब मोजत सरळ चालत गेले आणि एका खांबापाशी थांबले. तेथे मागाचे कापलेले बोल्ट जमिनीतून वर आलेले होते आणि त्यांच्यासमोरच्या शहाबादी फरशीत, विणकर जेथे उभा राहतो नेमक्या त्या जागी, तळहाताएवढे दोन उथळ खळगे पडलेले होते. आप्पांनी चपला काढल्या, पाय त्या खळग्यांत ठेवले आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. जॉबर होण्यापूर्वी अकरा वर्षे ते त्या मागावर होते. दादा तोवर बाहेर चिमणीखाली उभा राहून आवाराची लांबीरुंदी पावलांनी मोजत होता.

त्या रात्री जेवताना दादा म्हणाला, ‘‘चिमणी तेवढी आठवण म्हणून ठेवावी आणि बाकीची जागा विकावी.’’ मला हे तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. चिमणी ही बॉयलरच्या धुराची वाट आहे, आणि तशी चिमणी साखर कारखान्यालाही असते. कापड गिरणीची खरी ओळख तिच्या माग खात्याच्या शेडमध्ये असते. करवतीच्या दातांसारखे ते छप्पर शोभेसाठी केलेले नव्हते. काचेची बाजू उत्तरेकडे ठेवली की थेट ऊन आत येत नाही, दिवसभर सारखा उजेड मिळतो आणि ताण्यातील, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतील, तुटलेला धागा विणकराला लगेच दिसतो. हवेत दमटपणा राखला नाही तर सूत तुटते, म्हणून वाऱ्याची वाटही बेताची ठेवलेली असे. चिमणी राखून शेड पाडली, तर आपण गिरणी पाडली असेच मी म्हणेन.

पुनर्वापरासाठीही शेडच सोयीची आहे. खांब ठरावीक अंतरावर असतात, मध्ये भिंती नसतात आणि दिवसा दिव्यांची फारशी गरज पडत नाही. आपल्याच चादरी आणि टॉवेल बनवणाऱ्यांना तेथे विक्रीदालन, नमुने विणण्याची जागा आणि प्रशिक्षणवर्ग मिळाले, तर इमारत कामात राहील. न्यू लॅनार्कमध्ये 1968 मध्ये उत्पादन थांबले, पण तेथे आजही लोक राहतात, आणि ते गाव टिकण्याचे मोठे कारण मला हेच वाटते.

शेडच्या एका कोपऱ्यात इतिहास सांगावा, पण तो पूर्ण सांगावा. 1949 मध्ये जुनी मिल बंद पडली, 1950 मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, आणि 1953 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोबदल्याशिवाय मालमत्ता हिरावून घेतल्याच्या मुद्द्यावर ती कारवाई घटनाबाह्य ठरवली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना आपल्या शहराचे नाव चादरीच्या आधी या खटल्यांतून भेटते, आणि येथील शाळकरी मुलांना त्याचा पत्ताही नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. जुन्या शेडची जमीन तेलाने भिजलेली असते आणि पत्रे अनेकदा ॲस्बेस्टॉसचे असतात, ते जाणकारांकडूनच काढून घ्यावेत. मुंबईतील गिरण्यांच्या जमिनीचा एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी आणि एक घरांसाठी ठेवण्याचा 1991 चा नियम त्या शहरापुरता होता, त्याचा आधार येथे घेता येत नाही. आणि कामगारांची देणी थकलेली असतील, तर संग्रहालयाची भाषा त्यांच्यासमोर करू नये. आप्पांची ग्रॅच्युइटी फार उशिरा आणि अर्धवट मिळाली. जागा वेळेवर विकली गेली असती तर ती लवकर मिळाली असती, हे दादाचे म्हणणे मला मान्य करावे लागते. मात्र जागा विकण्यासाठी शेडच पाडावी लागते, हे मला मान्य नाही.

आपण खरोखर काही करणार असाल, तर आधी चाळींतून फिरून गिरणीचे पास, पगाराच्या चिठ्ठ्या आणि बिल्ले गोळा करा, कारण गिरण्यांची हजेरीपुस्तके रद्दीत जातात. आप्पांचा पितळी बिल्ला माझ्याकडे आहे. दादाची हरकत असली तरी तो मी देईन, पण शेड उभी असेल तरच.