सर्दी झाली की वरच्या दाढा ठणकतात, दाढ काढून टाकू का?

नका काढू. निदान तुम्ही सांगितलंय तेवढ्यावर तरी नाही. सर्दी झाली की उजवीकडच्या वरच्या दोन-तीन दाढा एकदम ठणकतात, चपलेचा पट्टा लावायला वाकलं की कळ वाढते, आणि सर्दी उतरली की दुखणंही जातं, असं तुम्ही लिहिलंय. मी दंतवैद्य आहे. ही तक्रार घेऊन थंडी-पावसाळ्यात पेशंट हमखास येतात, आणि बऱ्याच जणांची दाढ ठणठणीत असते.

वरच्या दाढांच्या मुळांवर, गालाच्या आत, हवेने भरलेली एक पोकळी असते. तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. नाकाभोवती सायनसच्या चार जोड्या असतात: कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे, नाकाच्या पार मागे कवटीच्या तळाशी आणि ही गालातली. चौघींत हीच मोठी. मोठ्या माणसात साधारण 15 मिलिलिटरची, म्हणजे औषधाचे तीन चमचे मावतील एवढी. तिचं छत म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा तळ, आतली भिंत म्हणजे नाकपोकळीची बाहेरची भिंत, आणि तळाला तुमच्या दाढा. दाढांची मुळं आणि सायनस यांच्यात कुणाकुणाला हाडाचा जेमतेम पापुद्रा असतो, तर कुणाला तेवढाही नसतो, नुसतं अस्तर. शिवाय दाढांकडे जाणाऱ्या नसा याच पोकळीच्या भिंतींमधून उतरतात. अस्तर सुजलं की त्या नसा चेपल्यासारख्या होतात आणि मेंदूकडे निरोप जातो तो ‘दाढ दुखतेय’ असाच.

आता सर्दीतच का? सायनसमध्ये तयार होणारा चिकट स्राव नाकात यायला एक छिद्र असतं, पण ते तळाशी नसून आतल्या भिंतीत पार वर, छताजवळ असतं. टाकीला खाली नळच नाही, फक्त वर ओव्हरफ्लोचा पाइप, अशी ही रचना. एरवी अडत नाही, कारण अस्तरावरचे सूक्ष्म केस स्राव सतत वर ढकलत छिद्रापर्यंत नेतात. नाकपोकळीच्या बाहेरच्या भिंतीवर एकाखाली एक अशा तीन हाडांच्या वळकट्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. या सायनसचं छिद्र मधल्या टर्बिनेटखालच्या चिंचोळ्या जागेत उघडतं. सर्दीत तिथलं अस्तर सुजलं की वाट बंद. स्राव आत साठतो, दाब वाढतो, आणि वाकलं की तो सगळा दाढांच्या बाजूला जाणवतो.

जाता जाता, खालच्या टर्बिनेटखाली डोळ्यातून येणारी अश्रुनलिका उघडते, म्हणून रडलं की नाक गळतं. आणि एक नाकपुडी बंद, दुसरी मोकळी, मग काही तासांनी उलट, हा खेळ निरोगी नाकातही चालू असतो. टर्बिनेट आळीपाळीने फुगतात. सर्दीत तो जाणवतो इतकंच. त्यावरून कुणी ‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणालं तर लगेच घाबरू नका.

ही पोकळी फार पूर्वीच लक्षात आली होती, पण तिचं नीट वर्णन केलं नथॅनिएल हायमोर या इंग्लिश वैद्याने, 1651 मध्ये. त्याने एका बाईची हकीकत दिलीय. वरचा सुळा काढल्यावर त्या भोकातून स्राव वाहायचा थांबेना. तिने चांदीची काडी घालून बघितली, ती डोळ्यापर्यंत गेल्यासारखी वाटली. मग पिसाचं देठ घातलं, तेही आत जातच राहिलं. बाईंना वाटलं, थेट मेंदूतच पोचलं. हायमोरने समजूत काढली की इथे मुळातच पोकळी असते. आजही वरची दाढ काढल्यावर कधीकधी तळाला भोक पडतं, आणि चूळ भरली की पाणी नाकातून येतं. म्हणूनच ‘काढून तरी बघू’ हे मला पटत नाही.

ओळखायचं कसं? आम्ही आरशाच्या दांडीने एकेक दाढ हलकेच ठोकून बघतो. एकच दाढ ‘आई गं’ म्हणायला लावत असेल तर संशय दाढेवर. ओळीने तीन-चार सारख्याच दुखत असतील, थंड लावल्यावर सगळ्यांना सारखंच कळत असेल आणि गाल दाबला तरी दुखत असेल, तर सायनसवर. मग एक्स-रे. उलटा प्रकारही असतो: आतून किडलेल्या दाढेचा पू सायनसमध्ये शिरतो. तेव्हा एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येतो, आणि दाढेवर इलाज केल्याशिवाय तो थांबत नाही. तुमचंही दुखणं एकाच बाजूचं आहे, म्हणून दाढ न तपासता सोडू नका.

तोवर मिठाच्या पाण्याने नाक धुवा, पण पाणी उकळून गार केलेलंच घ्या. नाक मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांच्या वर घालू नका. पुढे त्यांच्यामुळेच नाक चोंदायला लागतं. डोळ्याभोवती सूज, एकाच्या दोन वस्तू दिसणं किंवा गाल बधिर होणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. मधुमेह असेल तर जास्तच सांभाळा. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराचे पेशंट आले, त्यातल्या काहींची पहिली तक्रार ‘वरचे दात हलतायत’ हीच होती. ती बुरशी नाक-सायनसमधूनच जबड्यात आणि डोळ्याकडे पसरते.

दाखवायला जाल ते शक्यतो दाढा ठणकत असतानाच जा, आणि गोळी घ्यायच्या आधी. दुखणं गेल्यावर ठोकून फारसं काही कळत नाही.