गोलरक्षकावरच्या रागात तिकिटांचा वाटा सोडू नका: एडमंटनच्या नव्या चाहत्यास उत्तर

आपण मांडलेली व्यथा मी दोनदा वाचली. १७ जून २०२५ च्या रात्री फ्लोरिडा पँथर्सने आपल्या एडमंटन ऑइलर्सला ५-१ असे हरवून सलग दुसऱ्या वर्षी आइस हॉकीचा स्टॅन्ली कप जिंकला. त्यानंतर आपण लिहिले आहे की आपला गोलरक्षक स्टुअर्ट स्किनर गोलजाळ्यात आहे तोवर एडमंटनला कप मिळणार नाही, संघाने याच उन्हाळ्यात वर्षाला आठ-दहा दशलक्ष डॉलर मोजून मोठा गोलरक्षक आणावा, आणि तसे झाले नाही तर चार कुटुंबांनी मिळून घेतलेल्या हंगामी तिकिटांतला आपला वाटा आपण सोडणार आहात. हे शेवटचे वाचल्यावर मला उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण असाच वाटा मी याच रागात नोव्हेंबर २०२३ मध्ये सोडला होता.

आधीच सांगतो की मी प्रशिक्षक नाही आणि कराराच्या कायद्याचा जाणकारही नाही. २००५ मध्ये कोल्हापूरहून या शहरात आलो आणि पहिल्याच हिवाळ्यात या खेळाच्या नादी लागलो, एवढीच माझी पात्रता. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते एका चाहत्याचे मत समजावे. मात्र ते मत मला बरेच महाग पडले आहे.

त्या नोव्हेंबरमध्ये पहिल्या बारा सामन्यांत संघाने दोन विजय मिळवले होते आणि नऊ तारखेला गुणतक्त्याच्या तळाशी असलेल्या सॅन होजेकडूनही ३-२ अशी हार पत्करली होती. संघाचा दुसरा गोलरक्षक जॅक कॅम्पबेल याला त्याच आठवड्यात खालच्या लीगमध्ये पाठवले गेले होते, स्किनरच्या हातून साधे फटके सुटत होते, आणि तीन दिवसांनी प्रशिक्षकही बदलला गेला. तिकिटांचे खाते आमच्या गटातील ज्यांच्या नावावर होते त्यांना मी त्याच आठवड्यात फोन करून सांगितले की उरलेल्या सर्व सामन्यांसह माझा वाटा दुसऱ्या कोणाला तरी द्यावा. त्यांनी मला आठवडाभर विचार करायला सांगितले होते, पण मी ऐकले नाही. दोन दिवसांत तो वाटा दुसऱ्या कुटुंबाकडे गेला, आणि वाट्याबरोबर प्लेऑफच्या, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, तिकिटांवरचा हक्कही गेला. सोडताना या गोष्टीचा मी विचारच केला नव्हता.

पुढे काय झाले ते आपण इथे आल्यावर ऐकले असेलच. त्याच संघाने त्या हिवाळ्यात सलग सोळा सामने जिंकले आणि त्याच गोलरक्षकासह तो जून २०२४ मध्ये जास्तीत जास्त सात सामन्यांच्या अंतिम मालिकेत पोहोचला. पहिले तीन सामने हरल्यावर त्याने पुढचे तीन ८-१, ५-३ आणि ५-१ असे जिंकले. अंतिम मालिकेत ०-३ वरून सातव्या सामन्यापर्यंत जाणे १९४५ नंतर कोणत्याही संघाला जमले नव्हते. त्या तीन सामन्यांत स्किनरने मिळून पाच गोल दिले. नोव्हेंबरमध्ये मी ज्याच्या नावाने खडे फोडत होतो, तोच हा गोलरक्षक.

सहावा सामना आमच्या शहरात होता. मुलीला तो दाखवायचाच असे ठरवून मी एका पुनर्विक्री संस्थेकडून दोन तिकिटे घेतली आणि त्यासाठी घराच्या महिन्याच्या हप्त्याएवढी रक्कम दिली. सामन्याच्या दिवशी दुपारपर्यंत तिकिटे माझ्या खात्यात आली नव्हती. त्या संस्थेच्या कार्यालयाकडून सकाळपासून प्रत्येक वेळी नवी व्यक्ती बोलत होती आणि प्रत्येक जण ‘तिकिटे पाठवलेली आहेत, थोडा वेळ थांबा’ एवढेच सांगत होता. संध्याकाळी सहा वाजता विक्रेत्याने व्यवहार पूर्ण केला नसल्याचा निरोप आला. पैसे परत मिळायला चार महिने लागले, आणि त्यातही सेवाशुल्क कापून घेतले गेले. प्रत्येक पत्राला ‘आपले प्रकरण संबंधित विभागाकडे पाठवले आहे’ असे उत्तर येत राहिले, तो संबंधित विभाग मात्र मला शेवटपर्यंत सापडला नाही. संस्थेचे नाव मी देत नाही. नावापेक्षा महत्त्वाचे हे की त्या दारात मी माझ्याच रागामुळे उभा होतो. रॉजर्स प्लेस या आमच्या संघाच्या स्टेडियमबाहेर मोठ्या पडद्यासमोर उभे राहून आम्ही दोघांनी तो विजय पाहिला. मुलीने एका शब्दानेही तक्रार केली नाही, आणि त्याचेच मला अजून वाईट वाटते.

आता आपल्या मूळ मुद्द्याकडे येतो. स्किनर उत्कृष्ट गोलरक्षक आहे असे माझे म्हणणे नाही. २०२५ च्या प्लेऑफमध्ये लॉस एंजेलिसविरुद्ध पहिले दोन सामने तो वाईट खेळला, राखीव गोलरक्षक कॅल्व्हिन पिकर्डने येऊन सलग सहा विजय मिळवून दिले, आणि अंतिम मालिकेच्या तिसऱ्या व चौथ्या सामन्यात स्किनरला मध्येच बाहेर काढावे लागले, हे सगळे खरे आहे. परंतु पिकर्ड जखमी झाल्यावर याच स्किनरने व्हेगासविरुद्धच्या शेवटच्या दोन सामन्यांत आणि डॅलसविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात एकही गोल होऊ दिला नाही, म्हणजे चार सामन्यांत तीन शटआउट, हेही तितकेच खरे आहे. एकच माणूस पंधरवड्याच्या अंतराने असा आणि तसा खेळत असेल, तर त्यातल्या नेमक्या शेवटच्या पंधरवड्यावरून त्याची किंमत ठरवणे मला चुकीचे वाटते.

थोडा हिशेब करून पाहा. सहा सामन्यांच्या मालिकेत गोलरक्षकाकडे साधारण एकशे सत्तर फटके येतात. ०.९१० आणि ०.८९० या दोन सेव्ह पर्सेंटेजमधला (अडवलेल्या फटक्यांच्या प्रमाणातला) फरक एवढ्या फटक्यांवर तीन-साडेतीन गोलांचा होतो, आणि तेवढे गोल स्वतःच्याच बचावपटूच्या स्केटला लागून वळलेला एखादा पक (खेळाची रबरी चकती), डोळ्यांसमोर उभा राहिलेला प्रतिस्पर्धी आणि गोलरक्षकाला लागून चुकीच्या बाजूला उडालेला एखादा रिबाउंड यांतून सहज होतात. २०२४ च्या प्लेऑफमध्ये कप जिंकणाऱ्या फ्लोरिडाच्या सर्गेई बोब्रोव्स्कीचे सेव्ह पर्सेंटेज ०.९०६ होते आणि सातव्या सामन्यात २-१ असे हरलेल्या स्किनरचे ०.९०१. २०२५ मध्ये दोघांमधली दरी बरीच वाढली, हे मी मान्य करतो. पण १७ जूनच्या सामन्यातल्या फ्लोरिडाच्या पाच गोलांपैकी दोन मोकळ्या जाळ्यात (आपण गोलरक्षक काढून जादा खेळाडू उतरवल्यावर) झाले होते, आपल्या संघाने संपूर्ण सामन्यात एकच गोल केला होता, आणि मनगटाच्या दुखापतीमुळे आपला आघाडीपटू झॅक हायमन ती अंतिम मालिका खेळलाच नव्हता. त्या रात्री गोलजाळ्यात कोणीही असता तरी एका गोलावर सामना जिंकता आला नसता.

मोठी रक्कम दिली की प्रश्न सुटतो हे तर मला मुळीच पटत नाही. विनिपेगच्या कॉनर हेलेबकला २०२५ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम गोलरक्षक असे दोन्ही मान मिळाले, तरीही प्लेऑफमध्ये सेंट लुईसच्या मैदानावरच्या तिन्ही सामन्यांत त्याला मध्येच बाहेर काढावे लागले. बोब्रोव्स्कीचेच उदाहरण घ्या. २०१९ मध्ये फ्लोरिडाने त्याला वर्षाला दहा दशलक्ष डॉलरप्रमाणे सात वर्षांचा करार दिला. २०२१ च्या प्लेऑफमध्ये त्याची जागा एका नवख्या मुलाने घेतली, २०२३ चे प्लेऑफ त्याने बाकावर बसून सुरू केले, आणि त्या काळात तो करार लीगमधला सर्वांत वाईट करार आहे असे सर्रास बोलले जात होते. मग त्याच वसंत ऋतूत त्याने संघाला अंतिम मालिकेत नेले आणि पुढे दोन कप जिंकून दिले. फ्लोरिडाने २०२१ च्या जूनमध्ये रागाच्या भरात त्याला काढून टाकले असते तर आज त्यांच्या हाती काय असते, याचा विचार करावा.

आपल्या संघाने ही चूक एकदा करून पाहिलेली आहे. २०२२ मध्ये कोलोरॅडोने चारही सामने जिंकल्यावर, आणि त्यातला पहिला ८-६ असा संपल्यावर, सगळे शहर गोलरक्षकाच्या नावाने ओरडत होते. त्या ओरडण्यात मीही होतो. जुलैमध्ये कॅम्पबेलला पाच वर्षांसाठी पंचवीस दशलक्ष डॉलर दिले गेले. पहिल्याच वर्षाच्या अखेरीस त्याची जागा स्किनरने घेतली, दुसऱ्या वर्षी तो खालच्या लीगमध्ये गेला, आणि जून २०२४ मध्ये संघाने त्याचा बायआउट केला, म्हणजे उरलेल्या रकमेचा काही भाग देऊन करार संपवला. कराराची तीन वर्षे शिल्लक असल्यामुळे ते ओझे सहा वर्षांत विभागले गेले आहे आणि २०२९-३० च्या हंगामापर्यंत सॅलरी कॅपवर (संघाच्या एकूण पगारखर्चाच्या मर्यादेवर) राहणार आहे. प्लेऑफच्या दोन आठवड्यांचा राग आठ वर्षांच्या हिशेबात असा शिरतो.

माझ्या मते या संघाची खरी मोठी चूक २०२४ च्या उन्हाळ्यात झाली, आणि ती गोलरक्षकाशी थेट संबंधित असूनही तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. १ जुलैला संघाने जेफ स्किनर आणि व्हिक्टर आर्विडसन या अनुभवी आघाडीपटूंवर वर्षाला मिळून सात दशलक्ष डॉलर खर्च केले, आणि फिलिप ब्रोबर्ग व डिलन हॉलोवे या आपल्याच तरुण खेळाडूंचे करार लांबणीवर टाकले. ऑगस्टमध्ये सेंट लुईसने दोघांना ऑफर शीट (दुसऱ्या संघाच्या खेळाडूला दिलेला कराराचा प्रस्ताव) दिली, ब्रोबर्गला वर्षाला ४.५८ दशलक्ष आणि हॉलोवेला २.२९ दशलक्ष. तेवढीच रक्कम देऊन त्यांना राखायला सात दिवस होते, पण कॅपमध्ये जागा उरलेली नव्हती. बदल्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतला एकेक ड्राफ्ट पिक (नवा तरुण खेळाडू निवडण्याचा हक्क) मिळाला. हॉलोवेने पुढच्याच हंगामात ६३ गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) केले. ब्रोबर्ग तर असा बचावपटू होता जो पक घेऊन शांतपणे आपल्या भागातून बाहेर पडतो, आणि गोलरक्षकाची सर्वांत मोठी मदत हीच असते. पक बाहेर गेला तर तिरका पास येत नाही, तिरका पास आला नाही तर गोलरक्षकाला गुडघ्यांवर सरकत दुसऱ्या खांबाकडे झेपावे लागत नाही, आणि स्किनरवर होणारे निम्मे वाईट गोल मी तरी त्याच झेपेत झालेले पाहिले आहेत. जून २०२५ मध्ये जे घडले त्याचा काही भाग आदल्या ऑगस्टमध्येच ठरलेला होता असे माझे ठाम मत आहे. इतरांचे वेगळे असू शकते.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांचे फुटबॉल सामने पाहत मी लहानाचा मोठा झालो. तिथेही गोल झाला की पहिली शिवी आपल्याच गोलकीपरला पडायची, आणि बॅक कुठे उभा होता हे कोणी विचारत नसे. सवय जुनी आहे, म्हणून आपल्याला दोष देत नाही.

मग २०२५ च्या उन्हाळ्यात काय करायला हवे होते? स्किनरचा करार वर्षाला २.६ दशलक्षाचा होता आणि एकच वर्ष उरले होते. माझ्या मते त्याला ठेवायला हवे होते, त्याच्या जोडीला खरी स्पर्धा देईल असा दुसरा गोलरक्षक कमी मुदतीच्या करारावर शोधायला हवा होता, आणि वय झालेल्या मोठ्या नावासाठी पहिल्या फेरीचा पिक द्यायला नको होता. एव्हान बुशार्डला चार वर्षांसाठी दिलेले वर्षाला साडेदहा दशलक्ष मला योग्य वाटतात, कारण तसा बचावपटू बाजारात मिळत नाही. ट्रेंट फ्रेडरिकला दिलेली आठ वर्षे मला पटलेली नाहीत. इव्हँडर केन, कॉनर ब्राउन, कोरी पेरी आणि आर्विडसन हे सगळे एकाच उन्हाळ्यात गेल्यामुळे तिसऱ्या-चौथ्या फळीत जी पोकळी झाली तिची काळजी मला गोलजाळ्यापेक्षा जास्त होती. आपला कर्णधार कॉनर मॅकडेव्हिड याचा करार तेव्हा २०२६ च्या उन्हाळ्यात संपणार होता, म्हणून लगेच जुगार खेळायला हवा, असे म्हणणाऱ्यांची भीती मला समजते आणि ती निराधारही नव्हती. पण घाबरून केलेल्या व्यवहाराने तो इथे राहिला असता असे मला वाटत नाही. मैदानावर काय होईल हे कोणालाच ठरवता येत नाही. २००६ च्या अंतिम मालिकेत पहिल्याच सामन्यात आपला गोलरक्षक ड्वेन रोलोसन जखमी झाला, बदली गोलरक्षकाच्या चुकीने शेवटच्या मिनिटात गोल बसला, आणि ती मालिका आपण सात सामन्यांत हरलो. त्या रात्री शेजाऱ्यांच्या घरी मी नुकतेच ऑफसाइडचे नियम शिकत होतो.

तिकिटांबाबत माझे सांगणे एवढेच की नूतनीकरणाचा निर्णय शेवटच्या पराभवानंतरच्या महिनाभरात घेऊ नये. वाटा सोडायचाच असेल तर प्लेऑफचा हक्क कोणाकडे राहील आणि परत यायचे झाल्यास पहिली विचारणा आपल्याला होईल की नाही, हे गटात लेखी ठरवावे, कारण ओळखीच्या माणसांमध्येही हे तोंडी राहिले की पुढे अवघड होते. माझ्या जुन्या गटात आजही जागा नाही. गेल्या हंगामात आम्ही सुटे सामने पाहिले, तेही खातेदाराने अधिकृत ॲपवरून तिकीट आधी हस्तांतरित केले तरच पैसे देऊन.

आपल्या मुलाला खेळ नीट कुठून दिसेल असेही आपण विचारले आहे. मधल्या रेषेजवळच्या महागड्या जागांचा आग्रह धरू नये. आपला गोलरक्षक सामन्याच्या तीन भागांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या पीरियडमध्ये ज्या बाजूला असतो, त्या जाळ्यामागच्या वरच्या रांगा घ्याव्यात. तिथून पास सुरू होताना दिसतो, पडद्यासारखा उभा राहिलेला प्रतिस्पर्धी दिसतो, आणि गोलरक्षकाला पक दिसला होता की नाही हेही कळते. माझी मुलगी तिथे बसून वहीत प्रत्येक रिबाउंड कोणत्या बाजूला गेला याची खूण करते, आणि गोल झाल्यावर आमच्या रांगेतील लोक ओरडू लागले की ती आधी वही पाहते.