मत्सर वाटला तर

बाळा, एकल गीत दुसरीला मिळालं म्हणून रविवारी तू फतेगंजच्या चर्चमधून कुणाशी न बोलता रिक्षात बसलीस, ते मी पाहिलं. मलाही असं झालंय. एकीचा सूर चुकावा म्हणून मी कान लावून बसायचे! शेवटी प्रभूला ते तसंच सांगितलं, गोड करून नाही. तूही सांग.

मग बायबलमधला १ शमुवेल, अध्याय १८ वाच. बायका गायल्या, शौल राजाने हजार मारले, दाविदाने दहा हजार. तेवढ्या गाण्याने राजाची नजर फिरली. शौलाचा मुलगा योनाथान, त्याने मात्र अंगातला झगा, तलवार, धनुष्य, कमरपट्टासुद्धा दाविदाला दिला. तिथे जरा थांब. गादी त्याची होती गं!

आज तिचं नाव घेऊन आशीर्वाद माग. जीभ अडखळेल, तरी माग. आणि शनिवारी सरावाला तिच्या शेजारीच बस.