सेफ्रूला निघण्यापूर्वी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

प्रबंधासाठी सेफ्रूतल्या मोहल्ल्याची मशीद निवडलीस, हे वाचून फार आनंद झाला. मोरोक्कोतल्या फेस शहराच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर, अग्गाई नदीकाठचं हे बाजाराचं गाव. 1960च्या दशकात अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गिअर्ट्झ यांनी इथल्याच बाजाराचा अभ्यास केला, त्यामुळे जाण्याआधी वाचायला भरपूर आहे.

तुझ्या आराखड्यातला पहिला आठवडा मात्र खोडून टाक. ‘आतील मोजमाप’ होणार नाही. कासाब्लांकाच्या हसन दुसरा मशिदीसारख्या मोजक्या जागा सोडल्या, तर मोरोक्कोत मुस्लिमेतरांना मशिदीत प्रवेश नाही. फ्रेंच अमलातला सर्वोच्च अधिकारी, रेसिडेंट-जनरल ल्योते, याच्या कारकिर्दीत हा नियम पक्का झाला. कुणाच्या ओळखीने आत शिरायचं मनातही आणू नकोस. पहिल्या खेपेला मी उघड्या दारातून कॅमेरा पुढे केला होता. वजू करणारे, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुणारे, एक वृद्ध गृहस्थ उठले आणि नुसते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. फोटो मी काढला नाही, पण पुढचे चार दिवस त्या गल्लीत माझ्याशी कुणी धड बोललं नाही. ती चूक मला अजून टोचते.

तेव्हा दाराबाहेर बस. मशिदीच्या आसपासच सार्वजनिक नळ असतो, त्याला सक्काया म्हणतात. हम्माम, म्हणजे सार्वजनिक स्नानगृह, असतो, मुलांना कुराण शिकवणारी ‘मसीद’ नावाची शाळा असते आणि पाव भाजायची भट्टी, फेर्रान. या भट्टीपाशी सर्वांत जास्त वेळ घालव. घरी मळलेल्या कणकेचे गोल पाव फळीवर मांडून, वर फडकं टाकून पोरं घेऊन येतात. ढिगातला कुठला पाव कुणाच्या घरचा, हे भट्टीवाला नुसतं बघून ओळखतो. कुणाकडे पाहुणे आलेत, कुठल्या घरी दुखवटा आहे, हेही त्याला पावांच्या संख्येवरून कळतं. असा माणूस बोलता झाला, की अर्धा मोहल्ला तुला कळलाच म्हणून समज.

मग हबूस, म्हणजे मशिदीला कायमचं दिलेलं दान, समजून घे. आपल्याकडच्या देवस्थान इनामाची आठवण होईल. कुणी दुकान, कुणी ऑलिव्हची झाडं, कुणी हम्माम मशिदीच्या नावाने कायमचं देऊन गेलेलं असतं आणि त्याच्या भाड्यातून दिवाबत्ती, चटया, डागडुजी चालते. सेफ्रूच्या बाजारातली पुष्कळ दुकानं अशीच हबूसची. आज हा कारभार सरकारी मंत्रालयाकडे आहे. डागडुजी कोण करतं, हे मुद्दाम विचार. 2010च्या फेब्रुवारीत, पावसाच्या झडीनंतर, मेकनेसच्या जुन्या शहरातला एक मिनार ऐन शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी कोसळला आणि 41 माणसं गेली. तेव्हापासून कुठल्याही मशिदीपाशी गेले, की मी आधी भिंतीतली ओल पाहते.

संध्याकाळी मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर, मशिदीच्या दारापासून उठू नकोस. आत पुरुष मिळून एका सुरात हिज्ब वाचतात. कुराणाचे असे साठ भाग; पहाटे एक, संध्याकाळी एक, म्हणजे महिन्यात एक पारायण पुरं होतं. हे बाहेर गल्लीत स्वच्छ ऐकू येतं. डोळे मिटून ऐक, टिपणं नंतर काढ.

गुरुवारच्या आठवडी बाजारात मुलाखती मागू नकोस, लोक धंद्यात असतात. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर घरोघरी कुसकुस, म्हणजे रव्याच्या वाफवलेल्या कण्यांचं जेवण, असतं. बोलावलं तर जरूर जा आणि सामाईक ताटात आपल्या समोरचंच खा. निघताना ‘अल्ला यर्हम अल्-वालिदीन’ म्हण. तुमच्या आईवडिलांवर ईश्वराची कृपा राहो, असा त्याचा अर्थ. आभाराला मला याहून चांगला शब्द सापडलेला नाही.

तू मुलगी आहेस, तेव्हा बायकांच्या वेळेत हम्मामला जाता येईल, आणि मशिदीबद्दलच्या ज्या गोष्टी पुरुष अभ्यासकांच्या कानावर कधी आल्या नाहीत, त्या तिथे ऐकायला मिळतील. काळा साबण आणि अंग घासायचा खरखरीत हातमोजा तिथल्याच बाजारात घे. पोचलीस की कळव.

तुझी,
बाई