क आणि ई जीवनसत्त्वाची जादा गोळी घ्यावी का?

प्रश्न : मला सोळावा आठवडा चालू आहे. पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात रक्तदाब वाढून प्री-एक्लॅम्प्सिया झाला होता. या वेळी तसं होऊ नये म्हणून रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व घे, असं एकीने सुचवलंय. गरोदरपणातली मल्टिव्हिटॅमिन गोळी चालूच आहे. सोबत हेही घेऊ का?

उत्तर : नको. सुचवणारीने हा डोस मनाने काढलेला नाही. प्री-एक्लॅम्प्सियात वारेचा रक्तपुरवठा नीट होत नाही आणि तिथे ऑक्सिडेशनचा ताण, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या घटकांचा मारा, वाढतो. क आणि ई ही अँटिऑक्सिडंट, म्हणजे असा मारा थोपवणारी, जीवनसत्त्वं आहेत. ती दिली तर हा ताण आवरेल, हा तर्क रास्त होता. १९९९ मध्ये २८३ स्त्रियांवरच्या एका लहान चाचणीत फायदाही दिसला. पण हाच डोस २००६ मध्ये ब्रिटनमध्ये जोखीम असलेल्या सुमारे २४०० स्त्रियांना देऊन पाहिला, तेव्हा प्री-एक्लॅम्प्सिया कमी झाला नाही. उलट कमी वजनाची बाळं जास्त जन्मली. ‘उशिरा सुरू केलं म्हणून गुण आला नाही’ असंही म्हणता येत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत सुमारे दहा हजार स्त्रियांना नवव्या ते सोळाव्या आठवड्यातच सुरुवात केली होती, तरी फरक पडला नाही. म्हणूनच प्री-एक्लॅम्प्सिया टाळण्यासाठी या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

गरोदरपणात क जीवनसत्त्वाची रोजची गरज साधारण ८५ मिलिग्रॅम असते. म्हणजे ती १००० ची गोळी जवळजवळ बारापट झाली. जेवण आणि चालू असलेली गोळी मिळून ही गरज सहसा भागते.

तुमच्यासाठी खरं महत्त्वाचं आहे ते कमी डोसचं ॲस्पिरिन. आधी प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्यांना ते बहुधा १२ व्या आठवड्यानंतर देतात आणि सोळाव्याच्या आत सुरू झालेलं उत्तम. तुम्ही त्या उंबरठ्यावरच आहात, तेव्हा पुढच्या तपासणीची वाट न पाहता याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने मात्र सुरू करू नका. आहारात कॅल्शियम कमी असेल तर त्याची गोळीही लागते. ती लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, मध्ये काही तास जाऊ द्या, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही.

‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत कधी कधी अ जीवनसत्त्वही असतं, आणि आम्हाला जास्त काळजी त्याची वाटते. लेबलवर ‘रेटिनॉल’ किंवा ‘रेटिनिल’ने सुरू होणारं नाव दिसलं, तर सगळ्या गोळ्यांतले आकडे मिळवून पाहा. दिवसाला १०,००० युनिट, म्हणजे ३००० मायक्रोग्रॅम, ही वरची मर्यादा. त्यापुढे बाळात व्यंग निर्माण होण्याचा धोका असतो, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. भाज्या-फळांत असणाऱ्या आणि शरीरात अ जीवनसत्त्वात बदलणाऱ्या बीटा-कॅरोटिनला ही भीती नाही.

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा वर गेला, डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यांपुढे चमकू लागलं, बरगड्यांखाली दुखलं किंवा चेहरा एकाएकी सुजला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.