आधी गुण्या तपासा, मग पावसाला शिव्या द्या

तुम्ही लिहिलंय की टेबल सॉची (टेबलातून पातं वर येणारी करवत) स्लेड, म्हणजे लाकूड धरून पात्यावर सरकवायची फळी, दोनदा नव्याने बांधली, पातं बदललं, तरी डब्याच्या कोपऱ्यात फट राहतेच. आता पावसाळ्यात प्लाय फुगल्याचा संशय आहे. वाचून हसू आलं, राग मानू नका. तीन वर्षांपूर्वी मी अगदी हेच बोलत फिरत होतो.

मी धंदेवाईक सुतार नाही, रविवारी गॅरेजमध्ये खुडबुड करणारा माणूस आहे. तेव्हा जाणकारांनी चूक काढली तर माझं नाही, त्यांचं ऐका. टेबलाची खाच पात्याला समांतर आहे आणि स्लेड खाचेत डुलत नाही, एवढं तुम्ही बघितलंच असेल असं धरतो.

माझी चूक अशी. मेहुणीच्या शिवणाच्या कपाटासाठी नऊ ड्रॉवर करायचे होते. काटकोन बघायचा नवाकोरा गुण्या आणला, तो लावून स्लेडची मागची पट्टी (जिला लाकूड टेकवून कापतात ती) पात्याशी काटकोनात बसवली आणि जास्तीचं शहाणपण म्हणून स्क्रूबरोबर फेव्हिकॉलही फासला. नऊच्या नऊ ड्रॉवरच्या कोपऱ्यांत पत्त्याचं पान सरकेल एवढी फट. क्लॅम्प आवळून फटी मिटवल्या, तर खोकी पिळली गेली आणि चॅनलवर निम्म्या वाटेत अडकायला लागली.

आणि मी तपासत कशाने होतो? त्याच गुण्याने! बेंच हुक (हाताने कापताना लाकूड अडवायची फळी) त्यानेच केलेला, टोकांना रंधा मारायचा पाटही त्यानेच केलेला. सगळे एकाच बाजूला तेवढेच चुकलेले, त्यामुळे एकमेकांशी झकास जुळायचे. साक्षीदार सगळे एकाच घरातले. तीन महिने मी लाकडाला, पावसाला आणि पात्याला दोष देत होतो. नवं पातंही आणलं, पैसे गेले ते गेलेच.

गुण्या तपासायला दोन मिनिटं लागतात. प्लायची कारखान्यातून आलेली सरळ कड घ्या, गुण्याची जाड मूठ तिला टेकवून बारीक पेन्सिलीने रेघ मारा. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. रेघा एकमेकींवर बसल्या तर ठीक. माझ्या गुण्यात 250 मिमीवर रेघांमध्ये 1 मिमी अंतर पडलं. उलटवल्यावर चूक दुप्पट दिसते, म्हणजे खरी चूक अर्धा मिमी. ऐकायला किरकोळ, पण मीटरला 2 मिमी होते.

तो गुण्या दुकानात परत नेला, तर उत्तर काय? "साहेब, नवा गुण्या चुकेल कसा? फर्निचरला एवढं चालतं." मारलेल्या रेघा दाखवल्या, तर म्हणे पेन्सिल जाड आहे. नाव घेत नाही, पण आता गुण्या घ्यायचा तर मी काउंटरवरच पुठ्ठ्यावर रेघा मारून बघतो. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

स्लेडसाठी तर गुण्यावर विसंबूच नका, पाच कापांनी तपासा. साधारण 400 मिमी चौरस टाकाऊ प्लाय घ्या. एक बाजू कापा, कापलेली कड मागच्या पट्टीला टेकवून पुढची कापा, असं त्याच दिशेने फिरवत चारही. पाचव्या वेळी पहिलीच बाजू पुन्हा कापा, बोटभर रुंद पट्टी निघेल अशी. तिची दोन्ही टोकं व्हर्नियरने मोजा. माझी आली 15.4 आणि 12.2. फरक 3.2, भागिले चार, म्हणजे 400 मिमीला 0.8 ची चूक.

मागच्या पट्टीच्या एका टोकाला एकच स्क्रू ठेवा, दुसरं टोक नुसतं क्लॅम्पने धरा. 400 ला 0.8, म्हणजे माझ्याकडे स्क्रूपासून 600 मिमीवर ते 1.2 मिमी सरकवायचं होतं. पट्टीला लागून एक ठोकळा घट्ट बांधला, पट्टी सैल केली आणि मध्ये पत्त्यांच्या कॅटातली चार पानं घातली. माझ्याकडचं पान 0.3 मिमी भरतं, तुमचं मोजून घ्या. पुन्हा पाच काप घ्या; दिशा चुकली असेल तर फरक दुप्पट येईल, मग दुसऱ्या बाजूला सरकवा. पटलं की बाकीचे स्क्रू मारा. फेव्हिकॉल नाही, अजिबात नाही! माझी पट्टी शेवटी पटाशीने फोडून काढावी लागली. आणि पट्टी सरकवताना प्लग काढलेला असू द्या.

आता विषय निघालाच आहे तर, पातं पट्टीतून मागे जिथे बाहेर येतं तिथे जाड ठोकळा लावलाय का? बहुतेकांचा अंगठा तिथेच असतो. माझ्या मते तो नसलेली स्लेड चालवूच नये. पट्टीची खालची कड रंध्याने थोडी तिरपी करा, नाहीतर भुसा अडकून काम सरकतं आणि तुम्ही पुन्हा काटकोनाच्या मागे लागाल. खाचेतली पट्टी सागवानाची असेल तर मेणबत्ती घासा, तेल नको.

प्लाय फुगतोच, नाही असं नाही, पण त्याने सगळे कोपरे एकाच बाजूला उघडत नाहीत. तुमच्या फटी आतून आहेत की बाहेरून, हे लिहिलेलं नाही. ते आणि पाचव्या कापात निघालेल्या पट्टीची दोन्ही मापं कळवा, किती सरकवायचं त्याचा हिशोब मांडून देतो.